गोंगाट शमविणारा हेडफोन : कोणीं घ्यावा व कसा पारखावा

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या समाजांत उपजीविकेची एक नवी रीत रूढ झाली आहे. सन २०२० च्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली, कचेऱ्या बंद पडल्या आणि कचेरीचें काम घरीं आलें. पुढें कचेऱ्या उघडल्या, तरी तें काम सर्वस्वीं परत गेलें नाहीं. आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक तरुण आज पुण्यास किंवा डोंबिवलीस घरीं बसून दूरदेशच्या मंडळींशीं रोज संगणकावरून बोलतात, आणि मधूनमधून कामानिमित्त आगगाडीनें वा विमानानें प्रवासही करतात. अशा तरुणांच्या तोंडीं सध्यां एक प्रश्न वारंवार आढळतो : गोंगाट शमविणारा बिनतारी हेडफोन, ज्यास बाजारांत 'नॉइज कॅन्सलिंग' म्हणतात, तो कोणता घ्यावा? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या वस्तूस दोन-तीन हजारांपासून तीस-पस्तीस हजारांपर्यंत रुपये मोजावे लागतात आणि जी दिवसाचे आठ आठ तास कानाशीं जडून राहते, तिचा विचार शाळेच्या वार्षिकांत करणें अप्रस्तुत होईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. 'उत्तम कोणता?' हा प्रश्न चुकीच्या जागीं सुरू होतो. आपणांस कोणता गोंगाट छळतो, हें प्रथम ओळखावें. आपल्या कामांत आपण किती ऐकतों व किती बोलतों, हें नंतर मोजावें. दुकानाची पायरी चढावयाची ती त्यानंतर. बहुतेक लोकांचा क्रम नेमका उलट असतो. मित्राच्या कानावरील हेडफोन पाहून ते दुकानांत जातात, तेथें एखादें गाणें ऐकून खूष होतात, पैसे मोजतात, आणि घरीं आल्यावर शेजारच्या खोलींतील टीव्हीवरच्या मालिकेचा शब्द न् शब्द ऐकूं येतो म्हणून यंत्रास दोष देतात. वास्तविक त्या यंत्राकडून जें होणारें नव्हे, तेंच त्यांनीं मागितलेलें असतें.

हें यंत्र करतें तरी काय, हें समजावयास आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस कठीण जाऊं नये. प्रयोगशाळेंतील नादकांटा रबराच्या ठोकळ्यावर आपटून कानाजवळ उभा धरावा आणि त्याच्या दांडीभोंवतीं हळूहळू फिरवावा. एका पूर्ण फेऱ्यांत आवाज चार वेळां मोठा होतो आणि चार वेळां जवळजवळ नाहींसा होतो. कांटा तर सारखाच कंप पावत असतो. मग आवाज जातो कोठें? कांट्याच्या भुजांपासून निघालेल्या लहरी कांहीं दिशांस एकमेकींस मारक होतात. एकीनें जेथें हवा दाटवावी, तेथेंच त्याच क्षणीं दुसरीनें ती विरळ करावी, आणि कानापर्यंत कांहींच पोंचूं नये, असा हा प्रकार आहे. हेडफोन हेंच हेतुपूर्वक घडवून आणतो. त्याच्या बाहेरील अंगास व आंतही बारीक मायक्रोफोन बसविलेले असतात. ते येणारा आवाज टिपतात. आंतील चिमुकलें गणकयंत्र त्या आवाजाची उलट लहर तयार करतें, आणि ती आपल्या कानांत सोडली जाते.

या कल्पनेचा इतिहास मनोरंजक आहे. पॉल ल्यूग नांवाच्या जर्मन गृहस्थानें १९३३ मध्यें आपल्या देशांत या तत्त्वाच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १९३६ मध्यें त्यास अमेरिकेचें पेटंट मिळालें. परंतु इतक्या चपळाईनें काम करणारीं विद्युत्साधनें त्या काळीं नव्हतीं, म्हणून ती कल्पना बहुतांशीं कागदावरच राहिली. तिला प्रवाशाच्या कानापर्यंत आणण्याचें बरेचसें श्रेय अमर बोस यांस दिलें जातें. नांवावरून वाचकांनीं ओळखलेंच असेल कीं हें कुळ बंगालचें. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे स्वातंत्र्याच्या चळवळींत ब्रिटिश सरकारच्या रोषास पात्र होऊन अमेरिकेस गेले. अमर बोस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत प्राध्यापक होते. सन १९७८ मध्यें झुरिचहून बोस्टनला विमानानें जात असतां त्यांस विमानांतील हेडफोन मिळाला. पण इंजिनांच्या घरघरीपुढें त्यांतील संगीताची गोडी लागेना. तेव्हां त्यांनीं बसल्या जागींच कागदावर गणित मांडण्यास प्रारंभ केला. पुढें १९८६ मध्यें 'व्हॉयेजर' विमानानें मध्यें कोठेंही न उतरतां व नवें इंधन न घेतां नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या वेळीं दोघां वैमानिकांसाठीं बोस यांच्या कंपनीनें तयार केलेले नमुने वापरण्यांत आले. वैमानिकांसाठीं १९८९ मध्यें व सामान्य प्रवाशांसाठीं २००० मध्यें असे हेडफोन विक्रीस निघाले. एका प्रवासांतील वैतागापासून दुकानांतील मालापर्यंत पोंचावयास बावीस वर्षें लागलीं. सहा महिन्यांच्या शिकवणींत सर्व कांहीं साधूं पाहणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं हा आंकडा वहींत लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

इतिहास सांगितला त्यास कारण आहे. हें यंत्र विमानासाठीं जन्मास आलें, आणि विमानासारख्या एकसुरी घरघरीवरच त्याचें खरें प्रभुत्व आहे. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. सेकंदास १०० कंपनें असलेल्या घरघरीची एक लाट म्हणून ३ मीटर ४० सेंटिमीटर लांब असते. आणि ३,००० कंपनांच्या तीव्र आवाजाची लाट अवघी ११ सेंटिमीटर. लांब लाटेस उलट जोड देतांना थोडें पुढेंमागें झालें तरी चालतें. आंखूड लाटेंत तेवढ्याच चुकीनें आवाज मिटण्याऐवजीं वाढूं शकतो. यामुळें साधारणपणें १,००० कंपनांच्या खालचे, सारखे चालू राहणारे आवाज हें यंत्र उत्तम शमवितें. त्यावरील आवाजांस अडविण्याचें काम विद्युत्कलेचें नसून कानावर बसणाऱ्या साध्या गादीचें असतें. ही एक गोष्ट ज्यास उमगली, त्यास दुकानदार सहसा फसवूं शकत नाहीं.

आतां हें आपल्याकडील प्रवासास लावून पाहूं. विमानांत तर प्रश्नच नाहीं. तेथें हा हेडफोन घालतांच डोक्यावरचें ओझें उतरल्यासारखें वाटतें. डेक्कन क्वीन १९३० पासून पुण्या-मुंबईच्या दरम्यान धांवत आहे. तिच्या वातानुकूलित डब्यांत चाकांची व हवायंत्राची घरघर बरीच निवते, परंतु समोरच्या बाकावरील मंडळींचा गप्पांचा फड निवत नाहीं. उलट एक चमत्कार घडतो : खालची घरघर नाहींशी झाल्यामुळें त्या गप्पा अधिकच स्पष्ट होतात! मनुष्याच्या बोलण्यांतील व्यंजनें वरच्या कंपनसंख्येचीं असतात, तीं गाळणींतून निसटतात. कोंकण रेल्वेनें रत्नागिरीकडे जातांना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांब बोगद्यांत गाडी शिरली म्हणजे जो घुमारा उठतो, तो या यंत्रानें सुसह्य होतो. गाडीची शिटी होत नाहीं. एस. टी.च्या जुन्या गाडीबद्दल विचाराल तर तेथें पैसे खर्चूं नयेत. इंजिनाची घरघर कमी होईल हें खरें, पण तेथील मुख्य उपद्रव खिडकीच्या तावदानांचा खडखडाट हा आहे, आणि त्या बेताल खडखडाटापुढें हें यंत्र फारसें चालत नाहीं. त्यासाठीं पन्नास रुपयांचे फोमचे बोळे बरे.

घरची गोष्ट याहूनही निराळी आहे. छताचा पंखा, वातानुकूलन यंत्र, खालच्या रस्त्यावरील वाहनांची अखंड घरघर यांस हा हेडफोन आंवरतो. कुकरची शिटी, दारावरची घंटा, वरच्या मजल्यावर भिंत भोंसकणारें ड्रिल आणि तान्ह्या मुलाचें रडणें हे आवाज मंद होतात, जात नाहींत. दोन खोल्यांच्या घरांत जेथें एका कोपऱ्यांत वडिलांची सभा, दुसऱ्यांत मुलीचा अभ्यास आणि मध्यें आजीचा दूरदर्शनवरील कार्यक्रम चालतो, तेथें केवळ या यंत्राच्या भरंवशावर शांतता मिळेल अशी आशा धरणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. तेथें जाड गादीचा, कान पूर्ण झांकणारा हेडफोन घ्यावा. त्यांतील विद्युत्कला साधारण असली तरी चालेल.

परंतु घरून काम करणाऱ्याच्या बाबतींत याहून मोठा घोटाळा दुसराच आहे, आणि आमच्या मतें तोच या विषयाचा गाभा होय. हेडफोन घेणारा मनुष्य आपल्या कानाचा विचार करतो. कामाच्या दृष्टीनें अर्धा विचार पलीकडील मनुष्याच्या कानाचा हवा. आपल्यास शांत वाटतें म्हणून पलीकडे शांतता असते असें नाहीं. आपल्या कानावरील यंत्र उत्तम असलें, तरी आपल्या मायक्रोफोनांतून मिक्सरचा आवाज दूर बसलेल्या अधिकाऱ्याच्या कानांत जाऊन आदळत असतो; आणि आपण मात्र शांततेच्या भ्रमांत संथपणें बोलत राहतों. बाजारांत या दोन गुणांस दोन निरनिराळीं नांवें आहेत. 'ए. एन. सी.' हें आपल्या कानाचें रक्षण करतें. 'ई. एन. सी.' हें आपल्या मायक्रोफोनांतील पार्श्वभूमीचा आवाज गाळून पलीकडच्या मनुष्याची सोय करतें. स्वस्त हेडफोनांच्या खोक्यावर पुष्कळदां दुसरेंच अक्षरत्रय ठळक छापलेलें असतें, आणि गिऱ्हाईक तें पहिलें समजून घेऊन जातें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस एका दुकानांत, नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, या दोन्हींचा अर्थ एकच म्हणून सांगण्यांत आला. तीन अक्षरांपैकीं दोन सारखीं असल्यावर विक्रेत्यास आणखी काय हवें?

ज्याच्या कामांत बोलणें अधिक, त्यानें तोंडापर्यंत येणारी मायक्रोफोनची दांडी असलेला हेडफोन पाहावा. तो दिसावयास दूरध्वनिकेंद्रांतील नोकरासारखा दिसतो, म्हणून आमचे तरुण नाक मुरडतात. परंतु मायक्रोफोन तोंडाच्या जितका जवळ, तितका बोलणाराचा आवाज मोठा व भोंवतालचा लहान, हा साधा नियम आहे. कानाजवळ बसविलेल्या मायक्रोफोनास कितीही बुद्धि दिली तरी हा नियम पुरता टळत नाहीं. तीन हजारांच्या तारेच्या दांडीवाल्या हेडफोनानें तीस हजारांच्या देखण्या हेडफोनास या एका कामांत मागें टाकलेलें आम्हीं अनेकदां ऐकलें आहे.

बिनतारीपणाचाही एक गुप्त कर येथें द्यावा लागतो. हेडफोनाचाच मायक्रोफोन चालू केला कीं जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर येणारा आवाज एकाएकीं पातळ व टेलिफोनासारखा होतो. कारण त्या अरुंद वाटेनें आतां जाणें व येणें दोन्हीं चालू झालेलें असतें. नव्या 'एल. ई. ऑडिओ' पद्धतींत ही अडचण पुष्कळ कमी होते, पण हेडफोन व संगणक दोघांसही ती पद्धति यावी लागते. तोंवर युक्ति सोपी आहे : ऐकावें हेडफोनांतून आणि बोलण्यासाठीं संगणकाचा स्वतःचा किंवा टेबलावरचा तारेचा मायक्रोफोन निवडावा. संगणक व मोबाइल या दोहोंशीं एकाच वेळीं जोडला जाणारा हेडफोन मिळाला तर तो घ्यावा, ही सोय खरोखर उपयोगी आहे. प्रवाशानें मात्र तार बसविण्याचें छिद्र असलेलाच निवडावा. लांबच्या विमानांत आसनापुढील पडद्यास अजूनही बहुधा तारच लागते, आणि बॅटरी संपली म्हणजे पुष्कळ हेडफोनांत तारेवर ऐकण्याची सोय राहते.

आतां प्रकृतीविषयीं. येथें आम्ही थोडें विस्तारानें लिहिणार आहों. कानाच्या आंतील शंखाकृति भागांत ध्वनि टिपणाऱ्या सुमारें १५,००० केसपेशी असतात. त्या एकदां मेल्या म्हणजे मनुष्याच्या शरीरांत पुन्हां उगवत नाहींत. मोठ्या आवाजानें त्या मरतात, आणि मरतांना दुखत नाहीं. तिशींतल्या मनुष्यास आपलें नुकसान पन्नाशींत कळतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबेल, आणि मुलांसाठीं तितक्याच तासांस ७५ डेसिबेल, अशी मर्यादा घातली आहे. या मोजमापांत दर तीन डेसिबेलांस ध्वनीची शक्ति दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ डेसिबेलांस वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पांच. आतां पाहा : विमानांत किंवा लोकलच्या डब्यांत भोंवतालचाच गोंगाट ८० च्या आसपास असतो. साधा हेडफोन घालून संगीत वा व्याख्यान ऐकणारा मनुष्य त्या गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज आणखी चढवितो, आणि आठवड्याची शिदोरी दोन-तीन प्रवासांत संपवून बसतो. गोंगाट शमविणाऱ्या हेडफोनाचा सर्वांत मोठा लाभ येथें आहे. भोंवतालची घरघर वीस डेसिबेलांनीं उतरली तर संगीतही तितकेंच उतरवितां येतें. पण तें उतरविलें तरच! शांततेंत आवाज अधिक गोड लागतो म्हणून पूर्वीं इतकाच मोठा ठेवणारेही आहेत. त्यांनीं यंत्रासाठीं पैसे दिले आणि लाभ फेंकून दिला. दररोज ज्यास दीड-दोन तास लोकलनें जावें लागतें, त्यास हा हेडफोन चैनीचा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

कानावर तो बसतो कसा, यास खोक्यावरील कोणत्याही आंकड्यापेक्षां अधिक महत्त्व द्यावें. 'पन्नास डेसिबेलांपर्यंत' असें छापलेलें असतें, त्यांतील 'पर्यंत' हा शब्द नीट वाचावा. तो बहुधा एखाद्या सोयीच्या कंपनसंख्येवरचा सर्वोच्च आंकडा असतो. चष्मा लावणाराच्या कानामागें काडी व गादी यांच्यामध्यें फट राहते, आणि त्या फटींतून नेमकी तीच घरघर आंत येते जी दाबण्यासाठीं आपण पैसे देतों. म्हणून चष्म्यासह घालून पाहावा. दुकानांत पांच मिनिटें गाणें ऐकून कांहीं समजत नाहीं. गाणें बंद करून, पंख्याखालीं उभें राहून, यंत्र चालू व बंद करून पाहावें. कित्येकांस चालू करतांच कानांत दाब आल्यासारखें वाटतें व डोकें जड होतें. तें ज्यास होईल त्यानें कितीही प्रशंसा ऐकली असली तरी घेऊं नये. अडीचशें ग्रॅमचा हेडफोन दिवसभर मानेस मानवतो. जवळजवळ चारशें ग्रॅमचेही असतात, ते दुपारनंतर जाणवूं लागतात.

आमच्या हवेचाही विचार परदेशीं जाहिरातींत नसतो. मुंबईच्या दमट उन्हाळ्यांत कान झांकणारी गादी अर्ध्या तासांत घामानें भिजते, आणि नकली कातडें दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्र्यांनीं सुटूं लागतें. गादी सुटी काढतां येते काय व ती पुढें विकत मिळेल काय, हें बिल करण्यापूर्वीं विचारावें. कानांत बसणाऱ्या लहान बोंड्यांचे हेडफोन या हवेस बरे, खिशांतही मावतात. परंतु त्यांची बॅटरी इतकी चिमुकली व घट्ट चिकटविलेली असते कीं ती म्हातारी झाली म्हणजे सबंध वस्तूच टाकावी लागते. मोठ्या हेडफोनांत एका भरण्यांत चोवीस ते तीस तास काम मिळतें. विमानप्रवासांत ते सामानाच्या पेटींत न टाकतां जवळच ठेवावे. लिथियमच्या बॅटरीचीं यंत्रें डोळ्यांसमोर असणें केव्हांही इष्ट.

कंपन्यांविषयीं आमचा आग्रह नाहीं. बोस, सोनी, अॅपल, सेनहायझर यांच्या वरच्या प्रतींत आज जो फरक आहे, तो सामान्य मनुष्याच्या कानास कळेल इतका मोठा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वरच्या प्रतीचा मागील वर्षीचा नमुना नवा निघाल्यावर स्वस्त होतो. आम्ही सुज्ञांस तोच सुचवूं.

रस्ता ओलांडतांना व फलाटावर चालतांना हेडफोन गळ्यांत उतरवावा. बाहेरचा आवाज आंत सोडण्याची कळ कांहीं हेडफोनांस असते, तिचा उपयोग दादरला गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा ऐकण्यापुरता करावा; धांवत्या गाडीची दिशा ती नेहमीं बिनचूक सांगेल असा भरंवसा धरूं नये. घरींही आपल्या माणसांस सांगून ठेवावें कीं हांकेस ओ न मिळाल्यास रागावूं नये, खांद्यास हात लावावा. वृद्ध माणसांस ही गोष्ट दोनदां सांगावी लागते, कारण त्यांच्या मतें समोर बसलेल्या मुलास ऐकूं न येण्याचें दुसरें कांहीं कारण असूं शकत नाहीं.

शाळकरी मुलांसाठीं हा महाग हेडफोन घ्यावा काय, असें कांहीं पालक विचारतात. ज्यास रोज लोकलनें लांब जावें लागत नाहीं, त्यास घेऊं नये, असें आमचें मत आहे. अभ्यासाच्या व्याख्यानांस चारशें-पांचशें रुपयांचा तारेचा हेडफोन पुरतो, आणि तो हरवला तरी घरांत महाभारत होत नाहीं. शिवाय परीक्षेच्या दालनांत डोक्यावर पंखा घरघरत असतो, बाहेर रस्ता चालू असतो, आणि तेथें कानावर कांहीं चढविण्याची परवानगी नसते.